गावात सलोख्याचं काम करायचंय? सुरुवात आपल्याच मोहल्ल्यातून

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती, मे २०२३ मध्ये अकोला, मार्च २०२५ मध्ये नागपूर. दंगल शहरात झाली, पण तिचे व्हिडिओ खेड्यापाड्यांतल्या मोबाइलवर कितीतरी दिवस फिरत राहिले. अशा प्रत्येक वेळेनंतर गावातले काही पोट्टे-पोट्टी, एखादी शिक्षिका, एखादा निवृत्त ग्रामसेवक विचारतो: आपल्या गावात असं होऊ नये म्हणून आपण काय करायचं? हा लेख त्यांच्यासाठी आहे. विदर्भातल्या लहान गावांना धरून लिहिला आहे. शहरातली रीत इथं जशीच्या तशी चालत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. सर्वधर्म परिषद भरवणं, मौलाना, भंते आणि महाराजांना एका स्टेजवर बसवून फोटो काढणं, ईदला शिरखुर्मा खायला जाणं हे सगळं सोपं आहे. वाईट काहीच नाही त्यात. पण गावाची नजर वेगळ्याच गोष्टीवर असते: तुमच्या जातीच्या, तुमच्या धर्माच्या माणसानं चूक केली तेव्हा तुम्ही तोंड उघडलं का? वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर बजाज कुटुंबाचं. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं. आधी स्वतःच्या घरचं दार उघडलं, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं. तुमच्याकडे मंदिर नसेल. व्हॉट्सअॅप ग्रुप तर आहे ना?

आधी गाव बघा, वहीत उतरवा

पहिला महिना काहीही जाहीर करू नका. एक वही घ्या आणि गाव पायी फिरा. कोणता पुरा, म्हणजे वस्ती, कुठं आहे, नळाचं पाणी कुठवर पोचतं, स्मशानभूमी कोणाची कुठं, कब्रस्तानाला रस्ता आहे की कोणाच्या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जावं लागतं, पिठाची चक्की कोणाची, पानठेल्यावर कोण बसतं आणि कोण फक्त पुडी घेऊन निघून जातं. गणपतीची, भीमजयंतीची, रामनवमीची, ईदच्या जुलूसाची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाते, कुठल्या वळणावर दरवर्षी कुरबुर होते. यवतमाळकडे असाल तर कोलामांचे पोड आणि पारध्यांचा बेडा या वस्त्या गावाच्या हिशेबात धरला जातो की नाही तेही लिहा. गाव म्हणजे पारापासून शाळेपर्यंत, असं समजणारे बरेच असतात.

यातून एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येईल. आंतरधर्मीय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हिंदू-मुस्लिम येतं. विदर्भातल्या पुष्कळ खेड्यांत मात्र मुसलमानांची घरं मोजकीच असतात, आणि गावातली खरी भेग बौद्धवाडा आणि उरलेलं गाव यांच्यात असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि त्यानंतर दोन दिवसांनी चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आणि इथं जातीचा प्रश्न धर्माच्या प्रश्नातही गुंतला. त्यामुळं जातीवर गप्प बसून धर्माच्या सलोख्यावर बोलणारं मंडळ आपल्याकडे फार काळ टिकत नाही. बौद्धवाड्यातली म्हातारी माणसं पहिल्याच बैठकीत ओळखतात की हे कशाला आलेत.

वहीचं दुसरं पान जुन्या संबंधांसाठी ठेवा. पुष्कळ गावांत मोहरमच्या सवारीला हिंदू घरांतून नवस फेडले जायचे, काही ठिकाणी अजूनही फेडतात. नागपूरच्या ताजबागला, बुलढाण्यातल्या सैलानीला सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं, गाडगेबाबांचा झाडू हे सगळं इथलंच आहे. तुमच्या गावात यातलं काय चालू आहे, काय बंद पडलं, आणि बंद कोणत्या वर्षी, कशावरून पडलं? हे विचारायला आजी-आजोबांकडे जा. बहुतेक वेळा उत्तरात धर्म कमी आणि शेताचा धुरा, निवडणूक किंवा एखादं पळून जाऊन केलेलं लग्न जास्त निघतं.

मग घरचा ग्रुप

सगळ्यात अवघड काम हेच, म्हणून ते लवकर हाती घ्या. तुमच्या भावकीच्या, मंडळाच्या, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर दुसऱ्या धर्माबद्दल किंवा जातीबद्दल विष पेरणारं काही आलं, तर तिथंच भाषण ठोकू नका. टाकणाऱ्याला वेगळा फोन करा. "काकाजी, हा व्हिडिओ कुठला आहे? तारीख दिसत नाही त्यावर," एवढं विचारा. दहातल्या पुष्कळ जणांना स्वतःलाच माहीत नसतं, आणि चारचौघांत अपमान झाला नाही तर ते निमूटपणे काढून टाकतात. जो मुद्दाम टाकतो तोही यातून ओळखू येतो. त्याच्याशी मग ग्रुपवरच, पण शांतपणे आणि पुराव्यासह बोला.

"काहून बे, तू त्यायच्याकडून झाला काय?" हे ऐकावं लागेल. यावर चिडून उत्तर देण्यापेक्षा लोकांना आठवण करून द्या की मागच्या वर्षी गावातल्या कुणाच्या पिकाच्या नुकसानीच्या पंचनाम्यासाठी तुम्हीच पटवाऱ्याकडे बसला होता. म्हणजे अशी कामं आधी केलेली असली पाहिजेत. घरात ताटावर बसून बोलणं तर आणखी कठीण. बायकांना हे जास्त सोसावं लागतं, तेव्हा एकटीनं लढू नका. जाऊ, नणंद, बचत गटातली मैत्रीण यांच्यातली एक तरी सोबत घ्या.

चार-पाच माणसं, आणि कोणाच्या घरचं पाणी

मोठा गट नको. चार-पाच माणसं पुरतात, पण ती एकाच पुऱ्यातली नसावीत. एक बौद्ध, एक मुस्लिम, एक गावातल्या मोठ्या जातीची, एक आदिवासी किंवा भटक्या समाजातली, अशी जुळवाजुळव जमली तर उत्तम. निदान दोन बाया असाव्यात. आशाताई आणि अंगणवाडी ताई प्रत्येक घरात जातात, त्यांना गावाची नाडी कळते. मात्र त्यांच्या नोकरीवर गदा येईल असं काम त्यांच्या नावानं करू नका. पक्षाचे पदाधिकारी सल्ल्याला चालतील, गटात नकोत.

बैठकीची वेळ शेतीवर ठरवा. भंडारा-गोंदियात धानाची रोवणी चालू असताना, वऱ्हाडात कापूस वेचणीत, गडचिरोलीत मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात कुणी येणार नाही आणि येऊही नये. बाकी दिवसांत रात्रीचं जेवण आटोपल्यावर जमा. पहिल्या तीन-चार बैठका घरोघरी झाल्या, की पुढची जागा शाळेचा व्हरांडा, वाचनालय, ग्रामपंचायतीचं सभागृह यांसारखी असावी. मंदिरात किंवा विहारात बोलावलं की काही माणसं आपोआप गळतात.

आणि आता ती गोष्ट जी कोणत्याही शिबिरात सांगत नाहीत. चहा कोण करतो, कप कोण विसळतो, आणि बैठक कोणाच्या घरी असली की कोणाला अचानक पोटाचा त्रास होतो, यावर लक्ष ठेवा. पहिल्या तीन-चार बैठका आळीपाळीनं वेगवेगळ्या पुऱ्यांत घ्या. ज्या घरी बैठक, त्या घरचं पाणी, त्या घरचे पोहे. खाण्याची पथ्यं पाळा: श्रावण आहे, रोजे आहेत, कोणी महानुभाव आहे, कोणी जैन आहे. शाकाहारी आणि साधं ठेवलं की अडचण येत नाही. पण पथ्याच्या नावाखाली विटाळ पाळला जातोय असं दिसलं तर तिथंच थांबून बोला. हा विषय टाळून पुढं गेलेला गट पुढच्या प्रत्येक प्रश्नावर अडखळतो.

एक प्रश्न उचला, तोही मापात बसेल असा

नुसतं सलोखा-सलोखा म्हणून काही होत नाही. सगळ्यांना मिळून करायला काम लागतं. असं काम शोधा ज्यात कुणाचा तरी हक्क अडला आहे आणि तो मिळवून देणं दोन-चार महिन्यांत शक्य आहे. बौद्धवाड्याच्या स्मशानाला शेड नाही. कब्रस्तानाच्या वाटेवर अतिक्रमण आहे. पोडाला टँकर जात नाही. बेड्यावरच्या पोरांना जातीचा दाखला नसल्यानं शाळेत अडचण होते.

कागद आधी जमवा. सातबारा आणि गावनकाशा पटवाऱ्याकडे मिळतो. नागपूर विभागातल्या जिल्ह्यांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे जुने दस्त फार कामाचे आहेत: गावठाणाबाहेरची कोणती जमीन स्मशानाला, चराईला, वाटेला राखलेली आहे हे त्यांत नोंदलेलं असतं. तहसीलमधून नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, साधा कागद, आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी लागत नाही.

मग ग्रामसभा. वर्षात किमान चार व्हायलाच हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. विषय ऐनवेळी उभं राहून मांडला की "पुढच्या वेळी बघू" म्हणून उडवतात, म्हणून आधीच ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महिलांची वेगळी सभा आधी होते, तिथून हाच विषय पुढं आला तर मुख्य सभेत तो दाबणं कठीण जातं. अर्ज देताना सह्या मिसळून घ्या. कब्रस्तानाच्या वाटेच्या अर्जावर पहिली सही पाटलाची आणि बौद्ध स्मशानाच्या अर्जावर पहिली सही शेखभाईंची असली की अर्जाचा रंगच बदलतो.

निर्णय कसा घ्यायचा हे शिकायचं असेल तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावी एकदा जाऊन या. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यामागची सवय जास्त शिकण्यासारखी आहे. तिथं बहुमतानं निर्णय लादत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहतात, आणि बोलण्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. वेळ लागतो, पण हरलेली बाजू नावाची गोष्ट उरत नाही. गावातल्या भांडणाचं बीज बहुतेकदा त्या हरलेल्या बाजूतच असतं.

ठाणं, पोलीस पाटील आणि सणांचे दिवस

गणपती, दुर्गोत्सव, ईद, भीमजयंती यांच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. बैठकीला तीच ती माणसं असतात: दोन-चार पुढारी, मंडळांचे अध्यक्ष, आणि बाया जवळजवळ नाहीतच. तुमच्या गटाची दोन-तीन नावं लेखी अर्जानं ठाणेदाराकडे द्या, एक तरी बाईचं असू द्या. बोलावणं आलं की जाऊन फक्त मान डोलावू नका. वहीतली अडचणीची वळणं सांगा. मिरवणूक नमाजच्या वेळी मशिदीपुढं येणार असेल तर वेळ पंधरा-वीस मिनिटं पुढंमागं करणं हा बहुतेक वेळा दोन्हीकडच्या पोरांनी पानठेल्यावर मिटवायचा मामला असतो. तो पोलिसांवर सोपवला की इज्जतीचा होतो.

लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० सालचा आहे आणि सगळ्यांना सारखाच लागू आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम सांगताना आधी आपल्या मंडळाच्या डीजेला सांगा, मग दुसऱ्याच्या भोंग्याला.

पोलीस पाटलाशी ओळख ठेवा. गावात काही शिजत असेल तर ठाण्याला खबर देणं हे त्याचं कामच आहे. तुम्ही रॅली, पदयात्रा काढणार असाल तर जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश चालू आहे का हे आधी विचारून घ्या. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली असे आदेश वारंवार निघतात, आणि परवानगी न घेता निघालेल्या शांतता रॅलीवरच गुन्हा दाखल होण्याची पाळी येते.

अफवेची रात्र

एका रात्री फोन येईल: अमुक गावात मूर्ती फोडली, तमुक ठिकाणी पोरगी पळवली, गाय कापली. त्या रात्री काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. प्रत्येक पुऱ्यातला एक माणूस आणि त्याचा नंबर गटातल्या सगळ्यांकडे असावा. फोन आला की ज्या पुऱ्याबद्दल बोललं जातंय तिथल्या माणसाला थेट विचारा. बातमी खोटी निघाली तर ती कुणी खोटी ठरवली, त्याचं नाव घेऊन, त्याच्याच आवाजात सांगा. मूळ व्हिडिओ "हा खोटा आहे" म्हणूनही पुढं ढकलू नका, कारण लोक मजकूर वाचत नाहीत, व्हिडिओच बघतात. ज्यानं टाकला त्याचा नंबर, तारीख, वेळ यांचा स्क्रीनशॉट ठेवा आणि ठाण्यात द्या. धर्म, जात यांवरून वैर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. जमाव जमायला लागला असेल तर ११२ ला फोन करा आणि मध्ये उडी मारू नका. आपल्या बाजूच्या चार तापलेल्या पोरांना घरी नेऊन जेवायला बसवणं हे त्या वेळचं सगळ्यात उपयोगी काम, आणि ते त्यांच्याच मोहल्ल्यातला माणूस करू शकतो.

"गावातलं गावात मिटवू" म्हणतील तेव्हा

इथं थोडं थांबून वाचा, कारण चांगली माणसं इथंच फसतात. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. धुऱ्याचा वाद, भावाभावांतली वाटणी, बैल पिकात शिरले, अशा भांडणांसाठी ती कामाची. पण दलित वस्तीवर हल्ला झाला, एखाद्या बाईवर अत्याचार झाला, की तीच मंडळी "गावाची बदनामी होईल, मिटवून टाका" म्हणत पीडिताच्या दारी बसतात. अॅट्रॉसिटी कायद्याखालचे (अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराचे) गुन्हे आपसात मिटवता येत नाहीत. तुमचा सलोखा गट अशा दबावात सामील झाला तर त्या दिवसापासून बौद्धवाड्यासाठी तुम्ही संपलात. खैरलांजीतलं दलित कुटुंबाचं हत्याकांड २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातच घडलं, हे विदर्भात कुणी विसरलेलं नाही.

अशा वेळी तुमचं काम पीडिताच्या सोबत ठाण्यात जाणं. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. अॅट्रॉसिटीचा तपास नियमाप्रमाणे किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. अनुसूचित जातीचे बौद्ध या कायद्याखाली येतात, त्यांना हा दर्जा १९९० मध्ये मिळाला. धर्म बदलला म्हणून हा कायदा लागत नाही, असं बौद्धांना सांगणारा माणूस चुकीचं सांगतोय.

बहिष्काराचे दोन कायदे वेगळे आहेत. गावानं दलित किंवा आदिवासी घराला किराणा, दळण, मजुरी बंद केली तर तो अॅट्रॉसिटीचा गुन्हा. एखाद्या समाजाच्या जातपंचायतीनं आपल्याच समाजातल्या घराला वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि सगळ्या महिला यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मदतीचा नंबर १५१००.

दुसऱ्या गावात घटना घडली आणि तुम्ही सत्यशोधनाला निघालात, तर जीपभरून जाऊ नका. दोघं-तिघं जा, त्यांत एक बाई असू द्या, आधी पीडित कुटुंबाला विचारा की आलेलं चालेल का. बायांशी वेगळं बोला. फोटो नकोत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही टाकणं हा गुन्हा आहे.

प्रार्थना एकत्र म्हणायची का?

सेवाग्रामला आजही सर्वधर्म प्रार्थना होते. बापू १९३६ मध्ये तिथं राहायला आले तेव्हापासूनची ती परंपरा. पवनारला विनोबांचा आश्रम आहे, मोझरीला तुकडोजी महाराजांचा. नव्या माणसानं एकेक संध्याकाळ तिथं बसून यावं. पण तीच रीत आपल्या गावात आणताना जपून. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्ध माणसाला देवांची नावं असलेली प्रार्थना म्हणायला लावणं म्हणजे त्याच्या दीक्षेलाच हात घालणं. पुष्कळ मुसलमानांना दुसऱ्यांची आराधना आपल्या तोंडानं म्हणणं जमणार नाही, आणि गोंड घरांना आपलं वेगळेपण हिंदू रकान्यात बुडवलेलं खपत नाही. म्हणून प्रत्येकानं आपलं म्हणावं, बाकीच्यांनी ऐकावं. सगळ्यांनी मिळून म्हणायला संविधानाची उद्देशिका आहे, ती कुणालाच परकी नाही. २६ नोव्हेंबरला शाळेत ती वाचली जातेच, त्या दिवशी पालकांनाही बोलवा.

पैसा आणि नोंदणी

पहिल्या वर्षी संस्था नोंदवू नका, लेटरहेड छापू नका. लेटरहेड आलं की अध्यक्ष कोण यावरून पहिलं भांडण होतं. चहा-पोहे, झेरॉक्स, एसटीचं भाडं यांसाठी प्रत्येकानं महिन्याला जमेल तेवढं द्यावं, हिशेब त्याच वहीत लिहून दर बैठकीत मोठ्यानं वाचावा. ठेकेदार आणि निवडणुकीतल्या उमेदवारांचे पैसे घेऊ नका, सतरंज्यासुद्धा नकोत. बाहेरच्या देशातल्या नातेवाइकानं मोठी रक्कम देऊ केली तरी नाही म्हणा. परदेशी देणगीसाठी एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि तिच्याशिवाय घेतलेला पैसा तुमच्याविरुद्ध वापरायला लोक टपलेलेच असतात.

दोन पावसाळे गट टिकला, एखादी वाट मोकळी झाली, एखाद्या अफवेच्या रात्री पुऱ्यापुऱ्यांतले फोन खरंच वाजले, तर मग सात माणसं धरून नोंदणीचा विचार करा. तोवर बाजूच्या गावातून कुणीतरी विचारायला येईलच. त्याला तुमची वही दाखवा, आणि त्याच्या गावची वही त्यालाच लिहू द्या.